बाळाबाईचं मौन

पोती ओढायचा आकडा बुवांच्या चेल्याने, कुलदीपने, आप्पाच्या मानेत रुतवला आणि खस्सकन ओढला, तोही आप्पाच्याच बायकोच्या, बाळाबाईच्या डोळ्यांदेखत. हमालांची पाणपोई पाडून तिथे बुवांचा मठ नको, एवढंच आप्पा भर बाजारात बोलला होता.

फौजदार आला, तो आधी बुवांच्या पाया पडला. तेराव्याला बुवा स्वतः घरी आले. "बाळाबाई, नवऱ्याला गती मिळायला हवी ना? मग मौन धर. मध्येच मोडलंस, तर आप्पा अडकला म्हणून समज."

बाळाबाई मुळातच व्रतवैकल्यातली. तिने ओठ शिवले ते शिवलेच. "खुन्याचं नाव सांग" म्हणत दीर अंगावर धावून गेला, तरी हूं की चूं नाही.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, कोणी मारलं?"

"मौन आहे तिचं, साहेब," मागून बुवा मऊ आवाजात म्हणाले. कुलदीप गालात हसला.

बाळाबाईने पिशवीतून पितळेची घंटा काढली. मौन सोडायचं ते घंटेचं दान देऊनच, अशी रीतच आहे. साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरून तिने ती बुवांच्या पायाशी ठेवली.

"घ्या बुवा. सांगता झाली."

मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाली, "आता सांगते."