मागची भिंत

शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला, टाळ्या झाल्या. तरी राजाबाईची नजर टेबलावरच्या नकाशावरून हलेना.

विहारापुढच्या मांडवात अख्खी गल्ली जमली होती. कॅम्प पाच ह्या वस्तीच्या टोकाला, बंद पडलेल्या कारखान्याच्या मैदानावर स्टेडियम होणार होतं. आणि त्याला नाव लागणार होतं धर्मराजचं, राजाबाईच्या नवऱ्याचं. कारखान्याच्या कबड्डी संघाचा तो बारा वर्षं कप्तान. तो जाऊन आता तीन वर्षं झाली होती. ह्या नावासाठी तिच्या धाकट्या दिरानं, बाळाजीनं, दीड वर्ष पालिकेचे उंबरे झिजवले होते. आज माईक त्याच्याच हातात होता.

"साहेब," राजाबाईनं शेजारच्या इंजिनिअरला हळूच विचारलं, "ह्यात आमची गल्ली कुठं हाय?"

इंजिनिअर भला माणूस. त्यानं पेन्सिल टेकवली. "ही बघा, मावशी. ही मागची भिंत, तिला लागून."

"आन् दार?"

"पलीकडं, मेन रोडला. गाड्या तिकडूनच येणार ना."

राजाबाई त्या रेघेकडं बघत राहिली.

स्पर्धा असल्या की मैदानात जायची वाट एकच होती, ह्या गल्लीतून. चामटोलीची पोरं टेम्पो भरून यायची. अंबरनाथ-बदलापूरची माणसं स्टेशनापासून घोळक्यानं चालत यायची. पारूमलच्या दुकानात गोटी सोड्याच्या बाटल्या फटाफट फुटायच्या. शिंप्याकडं बनियनवर नंबर शिवून घ्यायला झुंबड उडायची. सायकलवाल्याच्या दारात सायकलींना भिंत पुरायची नाही. राजाबाईच्या कढईतले वडे तर परातीत पडायच्या आधीच उचलले जायचे. मैदानातून एकदम गलका उठला की सगळ्या गल्लीला कळायचं, धर्मराज चढाईला गेला. मग पुरी गल्ली दम धरायची. दुसरा गलका उठला की पारूमल गल्ल्यावरनंच ओरडायचा, "आ गया, भाभी! वापस आ गया!"

अठ्ठ्याऐंशी साली कारखान्याला टाळं लागलं. स्पर्धा संपल्या. शिंपी बदलापूरला गेला, सायकलवाला गावी. ज्यांना जाणं जमलं नाही ते उरले. भरदुपारी एखादं अनोळखी पाऊल वाजलं तरी बायका दारात येऊन बघायच्या, कोण आलं म्हणून.

"साहेब, दार हिकडं घ्या," राजाबाई म्हणाली.

इंजिनिअरनं चष्मा काढला. "मावशी, नाव आणि नकाशा एकाच ठरावात आहेत. तुमच्या वस्तीनं संमती दिली की काम सुरू. नकाशा बदलायचा म्हटलं तर ठराव परत जाणार. दाराचं मी बघू शकतो. पण नावाचं काही सांगता येत नाही. नावांसाठी मोठी मोठी माणसं रांगेत आहेत."

राजाबाई उठली. तिनं बाळाजीच्या हातातला माईक आपल्याकडं वळवला. आयुष्यात कधी माईकवर बोलली नव्हती, त्यामुळं आवाज उगाच मोठा निघाला.

"नाव काढा. दार द्या."

"वहिनी!" बाळाजीचा चेहरा उतरला. "दादाचं नाव तुम्ही स्वतःच्या हातानं पुसताय?"

"भाऊजी, पलीकडं लावलेलं नाव आपल्यातलं कोन वाचनार? हिकडं मानसं येनार असतील तर बोला."

सगळ्यात आधी पारूमलचा हात वर गेला. मग एकेक करत साऱ्या गल्लीचे. बाळाजीनं माईक टेबलावर ठेवला आणि तो मांडवातून निघून गेला. त्यानंतर दोन वर्षं तो वहिनीच्या दारात आला नाही.

शहाण्णव साली स्टेडियम उभं राहिलं. नाव दुसऱ्याच कुणाचं लागलं. दार मात्र गल्लीत आलं. शिंपी अजून परतला नव्हता, चार-पाच खोल्यांची कुलपं तशीच होती. पण उद्घाटनाच्या स्पर्धेला चामटोलीचा टेम्पो आला, आणि त्याच्यामागं माणसंच माणसं. गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. राजाबाईचे हात दोनच, आणि कढईभोवती शंभर तोंडं.

"सरका, वहिनी."

बाळाजी होता. तिच्याकडं न बघता त्यानं झारा तिच्या हातातून काढून घेतला.

"तुम्ही आत जा. पहिली मॅच लागतेय."

"अवो, गिऱ्हाईक..."

"मी बघतो. जा म्हणतो ना."

राजाबाईनं पदराला हात पुसले. दारातून आत जाऊन ती पायरीवर बायकांत दाटीवाटीनं बसली. बदलापूरचा एक काटकुळा पोरगा चढाईला गेला. समोरच्या चौघांनी त्याला घेरलं, तशी राजाबाईनं शेजारी बसलेल्या बाईचा दंड घट्ट धरला.

"आता गं? आता ह्यो परत कसा येनार?"

ती बाई चकित होऊन तिच्याकडं बघायला लागली. "अगं बाई! तुम्ही धर्मराज कप्तानाच्या घरच्या ना? आणि तुम्हीच विचारताय?"

"व्हय," राजाबाई म्हणाली. पोरावरची नजर तिनं काढली नाही. "पन खेळ असला की गल्लीत मानसं असायची. कढई सोडून कुठं जानार? त्यांची एक बी मॅच मी बघितली न्हाई."