अर्धी मिशी

"तुझी फुकटची ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम जगात एक माणूस जरी वापरत असला, तर भर गेटवर माझी मिशी उतरव!" मी वरच्या मजल्यावरच्या प्रोग्रामरला डिवचलं. बिचाऱ्याचे साथीदार पांगलेले, काम ठप्प. वापरणारा कुणीच नसेल, तर रविवारी तो सगळं कायमचं बंद करणार होता. "मी वापरते की," माझी बायको म्हणाली. "या भाऊजींनीच मागे जुन्या कॉम्प्युटरवर घालून दिली होती. माझं भरतकामाचं मशीन अजून तिच्यावरच चालतं." घरातच फितुरी! रविवारी गेटवर अख्खी बिल्डिंग जमली. प्रोग्रामरने फेस फासला, वस्तरा फिरवला. अर्धी मिशी उतरली तोच बायकोने विचारलं, "भाऊजी, स्क्रीनवर गुलाबी धागा हिरवा का दिसतो हो?" त्याचे डोळे लकाकले. "सिस्टीममध्ये बग! वहिनी, आत्ता दुरुस्त करतो!" वस्तरा माझ्या हातात कोंबून तो जिन्याकडे धावला. "अरे, उरलेली?" "पुढच्या व्हर्जनमध्ये!"