पूल आला, आमा

आमा गेली. तिची तसबीर पेइशाननं, तिच्या नातीनंच रंगवली होती. स्मशानाकडे निघालेल्या शववाहिकेत ती तसबीर मांडीवर घेऊन काकांशेजारी बसली.

नदी दिसू लागली तसे काका म्हणाले, "आता आमाला हाक मार. पूल आला म्हणून सांगितलं नाही, तर तिचा जीव अलीकडेच घुटमळत राहील."

"तुम्हीच मारा ना, काका."

"मी मारतोच आहे. पण माझं तिला कधी काही कळलंय का? तुझंच काय ते कळायचं."

पेइशानचा हात नकळत खांद्यावरच्या पिशवीतल्या पेन्सिलीकडे गेला.

"तसबीर दोन्ही हातांनी धर," काका म्हणाले. "वाटेत हात सोडायचा नसतो."

तिनं तसबीर घट्ट धरली आणि हाक मारली, "आमा, पूल आला. आमच्या मागोमाग ये." मग आणखी मोठ्यानं मारली. पूल लांबलचक होता. घसा बसला तरी तो संपेपर्यंत ती हाका मारतच राहिली.

 

 

आमाला कित्येक वर्षं काहीच ऐकू येत नव्हतं. पेइशान तिला सगळं सांगायची, ते चित्रं काढून.