तारेचा चौकोन

"तार चोरीला गेली," तामाहौने जाहीर केलं आणि बंदूक झाडाला टेकवून तो मटकन खाली बसला.

पारेहुइया आत्या टाचा उंचावून झाडीत शोधत राहिली. ओढा ओलांडून तास उलटला होता आणि कुंपणाचा पत्ता नव्हता. हरणं शिरू नयेत म्हणून तरुणपणी तिनेच ते बांधलं होतं. फाटकाला बाहेरून कडीही तिनेच बसवली होती. कुण्या गोऱ्या साहेबाने शिकारीच्या हौसेपायी परदेशातून आणून सोडलेल्या हरणांनी बाकीचं रान पार बोडकं केलं होतं. कुंपणाच्या आत मात्र करामू, हरणांच्या सगळ्यात आवडीचं झुडूप, माजलेला. तो हिरवा चौकोन ओढ्यावरूनच दिसायचा, खुणेची कधी गरजच पडली नाही.

काही हिवाळ्यांपूर्वी, माराएवर साऱ्या जमातीपुढे, तामाहौने शब्द दिला होता: हरणं मारायला हेलिकॉप्टरमधून विष टाकू नका, हरणं मी आवरतो. आत्याने अट घातली. शिंगवाले नर सोडायचे, माद्याच मारायच्या, तरच पाडसं कमी होतील. तेव्हापासून बिचाऱ्याच्या भिंतीवर एक शिंग चढलं नाही. मित्र त्याला खाटीक म्हणू लागले. शिकार सगळी डोंगराच्या वरच्या धारेवर, त्यामुळे इकडे कुणी फिरकलंही नव्हतं. आज संध्याकाळी माराएवर सांगायचं होतं, रान सावरलं की नाही. आतलं नि बाहेरचं ताडून पाहिल्याशिवाय सांगणार काय?

"कुंपण नाही म्हणजे विष आलंच समज," तो म्हणाला. "वाट विसरलीस, कबूल कर की. म्हातारी झालीस."

"मघाशी चढावर धापा कोण टाकत होतं रे?"

ती पुढे निघाली. झुडपं डोक्यावर गेली होती, पाय अडकत होते. वैतागून तिने एक फांदी बाजूला सारली आणि तिचं कपाळ तारेवर आपटलं.

तामाहौ धावत आला. तारेपलीकडे करामू, अलीकडेही करामू. त्याने दोन्हीकडे पाहिलं आणि तो गोंधळला.

"आत्या, आपण आत आहोत की बाहेर?"

आत्या तार धरून चाचपडत फाटकापर्यंत गेली. तिथे तिचा हात थांबला. कपाळ चोळता चोळता ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"कडी आपल्या बाजूला आहे, बाळा. आपण बाहेर आहोत."