यमुनाकाकूंचा हिरवा चुडा

चाफळच्या वळणावर भाड्याची गाडी आपली आपणच थांबली. तिला चालवायला माणूस लागत नसे; विम्याचा निवाडाही तीच करायची.

"मागच्या पेटीत बांगड्या आहेत. हा धंद्याचा प्रवास झाला. आपला विमा खासगी प्रवासाचा. कृपया उतरावं."

यमुनाकाकू कासारणीचा पारा चढला. तिकडे नवरी हात पुढे करून बसलेली! "मेल्या, अंगावर घातल्या तर?"

"तर तो दागिना. पण आपण विधवा आहात. विधवा हिरवा चुडा भरत नाहीत, अशी माझ्याकडे नोंद आहे. म्हणजे हा मालच."

इतकी वर्षं बायका हेच कुजबुजत; आता पत्राही बोलायला लागला! "विम्याच्या कुठल्या कलमात लिहिलंय रे हे?"

गाडीच्या पडद्यावर कलमं सरसर सरकली; तसं एकही निघालं नाही.

काकूंनी पेटी उघडली आणि मनगटापासून थेट खांद्यापर्यंत बांगड्या चढवल्या, एकही न तडकवता. गाडी मुकाट्याने निघाली.

मांडवात काकूंनी आपल्या हातांतल्या उतरवून नवरीचे हात भरले. तरी डझनभर उरल्याच. विहीणबाई डोळे वटारून म्हणाल्या, "अहो, त्याही काढा की आता!"

"काढू कशा?" काकूंनी हात मुद्दाम किणकिणवले. "परतीला तीच गाडी आहे ना!"