घोट

दूध पुन्हा नाकातून बाहेर आलं. बाळ ठसकलं, निळं पडलं, आणि एमिलियानाला रडू फुटलं. तीन दिवसांचं पोर. वरचा ओठ दुभंगलेला, आत टाळूलाही चीर.

"अशी पोरं पीत नाहीत गं," इना बेर्ता म्हणाली. "उगाच हाल नको करूस त्याचे. देवाचं आहे, देवाकडे जाऊ दे."

फ्लोरेस बेटावरच्या त्या डोंगरगावातली निम्मी माणसं या सुईणीच्या हातांवर जन्मली होती. इना म्हणजे आई. केस पिकलेले बाप्येही तिला इनाच म्हणत. तिचा शब्द कुणी मोडत नसे.

तेवढ्यात खालच्या दवाखान्यातली नर्स वेरोनिका धापा टाकत चढ चढून आली. तिनं आईचं दूध वाटीत काढायला लावलं. बाळाला मांडीवर सरळ बसवून मानेला हात दिला आणि चमच्यानं थेंबभर दूध गालाच्या आत सोडलं. थांबली. बाळाचा गळा हलला.

"गिळलं!" एमिलियाना ओरडली.

"गिळणारच. भूक नाही का त्याला? आडवं पाजू नकोस, घाई करू नकोस. मधूनमधून ढेकर काढ."

वाटी रिकामी व्हायला बराच वेळ लागला, पण झाली. दारात जमलेल्या बायका हसू लागल्या. एक म्हणाली, "बाई, माझ्या नवऱ्यालाही असंच भरवा. सगळं अंगावर सांडतो मेला!"

इना बेर्ता हसली नाही. काठी उचलून ती निघाली, ती थेट प्रिस्काच्या अंगणात जाऊन थांबली.

प्रिस्का चुलीपाशी मक्याचे गरम दाणे दगडावर चेपत होती. "ये इना, बस."

इना बसली नाही.

"एमिलियानाचं पोर आज चमच्यानं प्यालं. तसल्याच ओठाचं तुझं पहिलं पोरही जगलं असतं, प्रिस्का. बावीस वर्षं झाली. त्याला पिता आलं असतं. मला ठाऊक नव्हतं गं. पाजू नको म्हणून मीच सांगितलं तुला."

प्रिस्काचा हात थांबला.

"मला ठाऊक होतं, इना," ती म्हणाली. "तू गेल्यावर मी बोटानं दूध चाटवलं होतं. दोनदा गिळलं त्यानं. पण तू नको म्हणाली होतीस, म्हणून थांबले."