गॅस बंद केला की

“अगं, दादा आला का?” गॅलरी ते स्वयंपाकघर, सकाळपासून दिवाकरची ही कितवी फेरी, देव जाणे.

दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ. दिवाकर, माझा नवरा, मेंदूज्वराने इस्पितळात पडला होता, तेव्हाच दादा अपघातात गेला. ताप उतरला, पण जाताना मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसची पार वाट लावून गेला. “नवीन आठवणी तिथेच तयार होतात,” डॉक्टर म्हणाले, “आता त्यांच्या डोक्यात नवं काही मुरणार नाही.”

सुरुवातीला मी खरं सांगायची. गॅस बंद करायचा, पदराला हात पुसायचे, त्याला खुर्चीत बसवायचं आणि सांगायचं. तो लहान पोरासारखा रडायचा. थोड्या वेळाने सगळं विसरून पुन्हा विचारायला यायचा. रोज नव्याने त्याचा भाऊ मारायचा तरी किती वेळा? शेवटी मी खोटं बोलायला लागले, “येईल हं, वाटेत असेल.” रडणं थांबलं, येरझारा वाढल्या.

आज चहा उतू जायला लागला, म्हणून मी घाईघाईने गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत वळले. दारात दिवाकर उभा होता, दादाचंच विचारायला आलेला. माझ्या हातांकडे बघून तो एकदम मागे सरकला. दाराची चौकट त्याने घट्ट धरली.

“नको गं मंदा. सांगू नकोस.”

“काय सांगू नको?”

“ते मला माहीत नाही,” तो म्हणाला. “पण नको.”